प्लास्टरच्या आधीचा फोटो

श्रोतेहो, नमस्कार.

घराचं नूतनीकरण काढलं की टाइल्सचा रंग ठरवायला आपण चार-चार दिवस घेतो. आणि विजेचं काम? ते वायरमन बघून घेईल. तो बघतोही. पण त्यानं केलेलं सगळं प्लास्टरखाली जातं आणि दोन वर्षांनी कुठली वायर कुठून गेली, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आज माझा एकच आग्रह आहे. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, आणि भिंतीला मोजायची टेप लावून काढा.

माझ्या ताईच्या घरची गोष्ट सांगते. तिनं स्वयंपाकघर नवं करून घेतलं होतं. दोन वर्षांनी भिंतीवर एक कपाट बसवायचं ठरलं. सुतारानं ड्रिल लावलं, फट्‌ असा आवाज झाला आणि अर्धं घर अंधारात गेलं. एमसीबी, म्हणजे जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, उचलला की लगेच खाली. सुताराला काही लागलं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. पण त्याचा तरी काय दोष? वायरचा पाईप नेहमी बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवा न्यायचा असतो. इथे तो बोर्डापासून खिडकीकडे तिरपा नेला होता. त्या जागी वायर असेल असं कुणाला वाटणार?

मूळ काम करणारा वायरमन गाव सोडून गेलेला. नवा आला. त्यानं मेन स्विच बंद केला, टेस्टरनं खात्री केली आणि पाईपमधली जुनी वायर ओढून नवी घालायला घेतली. वायर हलेना. बोर्डाकडून हलेना, खिडकीकडूनही हलेना. तो म्हणाला, "ताई, मधे कुठेतरी जंक्शन बॉक्स आहे, वायरी जोडायचा डबा, वर टाइल बसलीय." कुठे आहे? माहीत नाही. म्हणजे आता अख्खी भिंत फोडायची!

तेवढ्यात ताईला आठवलं. काम चालू असताना माझा भाचा त्या उघड्या भिंतीसमोर बॅट घेऊन उभा राहिला होता आणि तिनं त्याचा फोटो काढला होता. शोधाशोध झाली. अल्बममध्ये फोटो सापडला. पुढे दात पडलेलं पोर हसतंय, आणि त्याच्या खांद्यामागे विटांमधली झिरी, पाईप आणि तो बॉक्स! शेजारी दाराची चौकटही आलेली. फोटो अगदी समोरून काढलेला, हे नशीब. चौकट सात फुटांची. फोटोत पट्टी लावली तर ती भरली 14 सेंटिमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरला अर्धा फूट. बॉक्स जमिनीपासून 9 सेंटिमीटरवर, म्हणजे साडेचार फूट. चौकटीपासूनचं अंतरही तसंच काढलं, भिंतीवर खूण केली. वायरमननं खुणेवरची एक टाइल काढली. एकच! खाली बॉक्स होता. तिथे नवं झाकण आलं, आणि ते आजही उघडता येतं. जोड असलेला बॉक्स कधीही बुजवू नये, त्याचं झाकण हाताला आलंच पाहिजे.

तो फोटो कागदावर छापलेला होता म्हणून तेव्हा हाती लागला. मुलांचे फोटो छापून घ्यावेत असं मला फार वाटतं. फोनमध्ये हजार असतात, ते बघतं कोण?

तर ताईला जे योगायोगानं मिळालं, ते आपण ठरवून करायचं. फोटोत टेप, आणि कोपरा किंवा चौकट.

नियोजनाचं थोडक्यात सांगते. आधी उपकरणांची यादी करा आणि प्रत्येकावरचे वॅट बघा. इंडक्शन शेगडी 2000, किटली 1500, मायक्रोवेव्ह 1200. बेरीज 4700. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे वीस अँपिअरच्या वर. हे 16 अँपिअरच्या एका सर्किटवर टाकू नका, दोन करा. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवून घेऊ नका. एमसीबी वायरची राखण करतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर वायर तापत राहते आणि एमसीबी पडत नाही. माणसाच्या जिवासाठी वेगळा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतो, वीज गळायला लागली की तो पुरवठा तोडतो. तो हवाच, अर्थिंगही हवंच.

सॉकेट कुठे हवेत, हे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचारा. ओट्याशी रोज उभं कोण राहतं? बाकीच्यांनी तिथे मत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम संपलं की वायरमन निघायच्या आत एकेक एमसीबी पाडून बघा. काय बंद झालं ते लिहा: "क्रमांक 3, ओटा डावीकडचा." पेन्सिलीनं लिहा, शाई उडते. तो कागद एमसीबीच्या बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा आणि भिंतींचे छापलेले फोटो त्याच्याजवळच ठेवा. पुन्हा सांगते: प्लास्टरच्या आधी फोटो, फोटोत टेप.

नमस्कार.