स्टॅटिस्टिक्समध्ये अडकताय? आधी एस.डी. आणि स्टँडर्ड एरर वेगळे करा

नमस्कार मंडळी!

सेमिस्टरचं टाइमटेबल लागलं की आपल्या चॅनेलवरच्या कमेंट बदलतात. इतर वेळी "ताई, छान समजलं" असतं, आणि आता रोज एकच: "ताई, स्टॅट्स सुटेल का?" विचारणारे बी.कॉम.चे आहेत, बी.एस्सी.चे आहेत, सायकॉलॉजीवाले आहेत, इंजिनिअरिंगचे एम-थ्रीवाले तर भरपूरच. सगळ्यांना वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा आज कॅमेरा लावून एकदाच नीट बोलते.

मध्य, मध्यक, बहुलक, वारंवारता सारणी यावर आज मी वेळ घालवणार नाही. ते दहावीच्या बीजगणितात झालंय. कच्चं असेल तर घरातलं दहावीचं पुस्तक काढा, एका रविवारात होईल. गाईडसाठी अप्पा बळवंत चौकात पळायची गरज नाही.

दोन गोष्टी पटकन सांगते, कारण त्यांच्यावर फुकटचे मार्क जातात. पहिली, तुमचा कॅल्क्युलेटर. त्यात स्टँडर्ड डेव्हिएशनची, म्हणजे एस.डी.ची, आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्या मापाची, उत्तरं दोन येतात. एकात भागाकार एनने, म्हणजे एकूण नोंदींच्या संख्येने होतो, दुसऱ्यात एन वजा १ ने. हातात सॅम्पल, म्हणजे नमुन्याच्या थोड्याच नोंदी असतील आणि त्यावरून पॉप्युलेशनचा, म्हणजे अख्ख्या समूहाचा अंदाज करायचा असेल, तर एन वजा १ वालं घ्या. संगणकावरही हाच घोळ आहे. 'आर' या स्टॅट्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एसडी फंक्शन एन वजा १ ने भागतं, पायथन भाषेतली नमपाय लायब्ररी काही सांगितलं नाही तर एनने भागतं. दोघा मित्रांची उत्तरं जुळत नाहीत आणि प्रॅक्टिकलचा तास भांडणात जातो, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

दुसरी, झेड टेबल, म्हणजे नॉर्मल कर्व्हखालच्या क्षेत्रफळाचं टेबल. काही टेबलांत क्षेत्रफळ शून्यापासून दिलेलं असतं, काहींत अगदी डावीकडून. १.९६ समोर एकात ०.४७५० दिसेल, दुसऱ्यात ०.९७५०. परीक्षेत टेबल हातात आलं की आधी त्याच्या डोक्यावरचं चित्र बघा, मग आकडा.

आता मूळ मुद्दा. मी बरीच वर्षं मुलांना हा विषय शिकवतेय, आणि माझं ठाम मत आहे की मुलं ज्या ठिकाणी विषय सोडून देतात ते ठिकाण एकच आहे. हायपोथिसिस टेस्टिंग नाही, रिग्रेशनही नाही. त्याच्या आधी एक पायरी आहे, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर यांतला फरक. मराठी नोट्स वापरत असाल तर प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी. वर्गात ही पायरी दहा मिनिटांत होते, "एस.डी.ला रूट एनने भागा" एवढं वहीत उतरतं, आणि पुढचं सगळं सेमिस्टर त्या एका ओळीवर उभं राहतं.

एका मुलीचं सांगते. अतिशय मेहनती, जर्नल तर बघत राहावं इतकं नेटकं. व्हायवात तिला परीक्षक सरांनी विचारलं, "हा २ आकडा काय सांगतो?" ती म्हणाली, "सर, स्टँडर्ड एरर, आठ भागिले चार." पुन्हा विचारलं, "हो, पण तो सांगतो काय?" ती गप्प. गणित बरोबर होतं तिचं. तो आकडा कशाबद्दल बोलतोय हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर आपण विचारू. समजा, तुम्ही पीएमपीच्या बसने रोज कोथरूड डेपोहून स्वारगेटला जाता. १६ फेऱ्यांचा वेळ लिहून ठेवलात. सरासरी आली ३२ मिनिटं, स्टँडर्ड डेव्हिएशन ८ मिनिटं.

[स्क्रीनवर: सरासरी ३२, एस.डी. ८, एन १६]

आता दोन माणसं दोन प्रश्न विचारतात. तुमची आई विचारते, "उद्या तुला पोचायला किती वेळ लागेल?" हा एका फेरीबद्दलचा प्रश्न आहे. इथे ८ लागतो. एखादी फेरी सरासरीपासून ८ मिनिटं इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं, कधी १५ मिनिटंही होईल. दुसरा माणूस मार्गाचं वेळापत्रक लावणारा. तो विचारतो, "या मार्गाची खरी सरासरी किती, आणि तुमच्या ३२ वर मी किती भरवसा ठेवू?" हा सरासरीबद्दलचा प्रश्न. इथे ८ भागिले वर्गमूळ १६, म्हणजे २ लागतो. टी टेबलमध्ये १५ डिग्रीज ऑफ फ्रीडमला, म्हणजे इथे १६ वजा १ ला, ९५ टक्क्यांसाठी २.१३१ आहे, त्याला २ ने गुणलं की सुमारे सव्वाचार. म्हणजे ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, खरी सरासरी जिथे असावी असा अंदाजी पट्टा, साधारण २८ ते ३६ मिनिटं.

आता हे ऐका. १६ च्या जागी ६४०० फेऱ्या नोंदवल्या आणि एस.डी. तेवढाच ८ राहिला, तर स्टँडर्ड एरर ८ भागिले ८०, म्हणजे ०.१ मिनिट. सहा सेकंद! सरासरी सहा सेकंदांच्या अचूकतेने कळली. पण म्हणून उद्याची बस वेळेवर येणार आहे का? नाही. एस.डी. ८ चा ८ च आहे. डेटा वाढवून रस्त्यावरची गर्दी कमी होत नाही, सरासरीबद्दलचं आपलं अज्ञान कमी होतं.

काल एका दादांनी लिहिलं होतं, "ताई, सॅम्पल मोठं घेतलं की एस.डी. कमी होतो ना?" नाही हो. ही समजूत इतकी पसरलीय की मी हात जोडून सांगते, असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. सॅम्पल वाढलं की एस.डी. पॉप्युलेशनच्या खऱ्या आकड्यापाशी स्थिरावतो. लहान होत जातो तो स्टँडर्ड एरर.

अजून पटलं नसेल तर दुसऱ्या बाजूने येऊ. वर्गात ६० मुलं आहेत असं धरा. प्रत्येकाने आपापल्या वेगवेगळ्या १६ फेऱ्या नोंदवल्या आणि आपापली सरासरी फळ्यावर लिहिली. कुणाची ३०.५, कुणाची ३३, कुणाची ३४.२. फळ्यावर आता ६० सरासऱ्या आहेत. या साठ आकड्यांचा एस.डी. काढा. तो २ च्या आसपास येईल. तोच स्टँडर्ड एरर! म्हणजे स्टँडर्ड एरर हाही एक स्टँडर्ड डेव्हिएशनच आहे, फक्त फेऱ्यांचा नाही, सरासऱ्यांचा. परीक्षेत तुमच्या हातात एकच सॅम्पल असतं, बाकीची ५९ मुलं कल्पनेत असतात. पुस्तकात ज्याला सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन म्हणतात, तो हा फळा. लॅपटॉप असेल तर 'आर'मध्ये रेप्लिकेट हे फंक्शन वापरून हजार सॅम्पल काढा, त्यांच्या सरासऱ्यांचा हिस्टोग्राम बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पाच लेक्चरांपेक्षा जास्त शिकवून जातं.

आणि तिसरी बाजू, कारण कमेंटमध्ये हे सारखं येतं: "पण रूट एनच का? नुसता एन का नाही?" फार छान प्रश्न आहे हा. स्वतंत्र निरीक्षणांची बेरीज केली की व्हेरियन्सची, म्हणजे एस.डी.च्या वर्गाची बेरीज होते, एस.डी.ची होत नाही. १६ फेऱ्यांच्या बेरजेचा व्हेरियन्स १६ गुणिले ६४. सरासरीसाठी बेरजेला १६ ने भागलं की व्हेरियन्सला १६ च्या वर्गाने भागावं लागतं. उरतं ६४ भागिले १६, म्हणजे ४. वर्गमूळ घेतलं की २. म्हणून स्टँडर्ड एरर निम्मा करायचा तर डेटा दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. १६ च्या ६४ फेऱ्या. हा प्रश्न पेपरात हमखास फिरवून विचारतात.

यातला 'स्वतंत्र' हा शब्द मात्र गिळू नका. सगळ्या १६ फेऱ्या गणेश विसर्जनाच्या एकाच दिवशी नोंदवल्या, लक्ष्मी रस्ता बंद आणि सगळी वाहतूक वळवलेली, तर त्या सगळ्या फेऱ्या एकाच कारणाने एकत्र लांबल्या. सूत्र तुम्हाला २ देईल, पण तो २ खोटा.

इथे मला एका माणसाबद्दल बोलायचंय. पुण्यात स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या मुलांना हे नाव माहीत नसतं, याची मला खंत आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९३२ साली आपल्या फर्ग्युसनमधून पदवीधर झाले, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३६ साली पीएच.डी. शेतातल्या उत्पन्नाचा अंदाज सॅम्पलवरून कसा काढायचा यावर त्यांचं मोठं काम आहे. शेतात छोटा तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं आणि वजन करायचं, अशी पद्धत होती. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांच्या जन्मदिनी, २९ जूनला, आपण सांख्यिकी दिन पाळतो, ते छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिलं की तुकडा फार छोटा असला की उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. कापणाऱ्याकडून हद्दीवरची रोपं आत धरली जातात, आणि तुकडा जितका लहान तितकी हद्द त्याच्या मानाने मोठी.

हे मी का सांगतेय? कारण असे हजारो छोटे तुकडे कापले तर स्टँडर्ड एरर अगदी इवलासा येईल, आणि उत्तर तरीही चुकीचंच राहील. सॅम्पल घेताना एकाच दिशेला झालेली चूक रूट एनने धुऊन निघत नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये शंभर जणांचा सर्वे फक्त आपल्याच कॉलेजच्या कँटीनमध्ये केला असेल, तर हे आधी आठवा.

अभ्यास कसा करायचा, तेवढं सांगते. कुठलंही गणित सोडवलं की उत्तराखाली मराठीत एक वाक्य लिहा: हा आकडा कुणाबद्दल आहे, एकाबद्दल की सरासरीबद्दल? तुमचा पेपर इंग्रजीत असला तरी सरावात मराठीतच लिहा. वाक्य जमलं नाही तर गणित झालेलं नाही असं समजा, पुन्हा प्रश्न वाचा. जुने पेपर जरूर सोडवा, पण घड्याळ लावून, आणि सोडवलेलं उत्तर शेजारी न ठेवता. आणि आकडेमोडीआधी डेटाचं चित्र काढा. संख्याशास्त्रज्ञ अँस्कम यांनी १९७३ साली चार डेटासेट दिले होते. चारहींच्या सरासऱ्या आणि व्हेरियन्स जवळजवळ तेच, कोरिलेशन, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात त्याचं माप, प्रत्येकी ०.८१६ च्या आसपास. आलेख काढले तर चार वेगळीच चित्रं, एकात तर चक्क वक्र.

आता वही घ्या. मार्केट यार्डात कांद्याचा ट्रक आलाय. त्यातली ३६ पोती अधूनमधून उचलून वजन केली. सरासरी ४९.२ किलो, स्टँडर्ड डेव्हिएशन १.८ किलो. एका व्यापाऱ्याला एकच पोतं घ्यायचंय, ते साधारण किती किलोपासून किती किलोपर्यंत निघू शकेल? दुसऱ्याला अख्खा ट्रक घ्यायचाय, त्याला दर पोत्याची सरासरी कुठून कुठपर्यंत धरता येईल? आणि हमाल मंडळींनी फक्त वरच्या थरातली पोती काढली असतील, तर तुमच्या कोणत्या उत्तरावर काय परिणाम होईल? कमेंटमध्ये नुसता आकडा टाकू नका, आकड्यासोबत वाक्य लिहा. मी प्रत्येक उत्तर वाचते. पुढच्या व्हिडिओत हेच गणित फळ्यावर सोडवू आणि तिथूनच टी टेस्टला सुरुवात करू.