गणिताच्या तासापुरतं वरच्या वर्गात

(गोव्यातल्या वाळपई परिसरातील पालकांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. गेल्या महिनाभरात तुमच्यातले काहीजण मला घरी येऊन भेटले. प्रश्न सगळ्यांचा एकच: "बाई, आमच्या मुलाला गणितात सगळं आधीच येतं. दुसरीतून थेट चौथीत घालता येईल का?" उत्तर द्यायच्या आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी एकटीच शिक्षिका होते. पहिली ते चौथी, एकच खोली. काजूच्या दिवसांत मुलांच्या खिशात बिया असायच्याच. दुसरीतली एक मुलगी त्या जमिनीवर चौकोनात मांडत बसायची. एक, मग चार, मग नऊ, सोळा. एकदा मला हाक मारून म्हणाली, "टीचर, चौकोन व्हड करपाक पयलीं तीन बियो लागतात, मागीर पांच, मागीर सात." म्हणजे चौकोन मोठा करायला आधी तीन बिया लागतात, मग पाच, मग सात. एकापासून ओळीनं येणाऱ्या विषम संख्या मिळवत गेलं की वर्गसंख्या तयार होतात, हे त्या सात वर्षांच्या पोरीनं आपलं आपण शोधलं होतं. आणि मी काय म्हटलं? "बरं, आता वजाबाकीचं पान पुरं कर." ते पान तिला जूनपासून येत होतं. चौथीत जाईपर्यंत तिनं हात वर करणंच सोडून दिलं. ती गोष्ट मला अजून झोंबते.

म्हणून आधी हे पाहा, की मूल नेमकं काय करतंय. तीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणणं कौतुकाचं आहे, पण ते पाठांतर आहे. "असंच का होतं?", "दर वेळी होईल का?" असं विचारणारं, स्वतःची रीत काढणारं मूल वेगळं. त्याला स्वतःच्या वर्गाच्या पेपरात शंभरपैकी शंभर मिळाले तरी त्यावरून ते किती पुढे आहे ते कळत नाही, कारण पेपर तिथंच संपतो. अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली या मानसशास्त्रज्ञांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९७१ साली गणितातल्या हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची परीक्षा द्यायला लावली. आपल्याला इतकं लांब जायला नको. तिसरीचा वार्षिक पेपर मागून घ्या, दुसरीतल्या मुलाला शांतपणे सोडवू द्या, आणि उत्तरापेक्षा त्यानं काय विचार केला ते विचारा.

आता तुमचा प्रश्न. अख्खा वर्ग ओलांडू नका, असं माझं ठाम मत आहे. गणितात चौथीचं असलेलं मूल जोडाक्षरं लिहिताना दुसरीचंच असतं, रुसताना तर पहिलीचं. प्रसिद्ध गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी १९८६ साली दहाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवलं, दोन वर्षांनी सुवर्ण. तेसुद्धा लहानपणी वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळ्या वर्गांत बसत.

आणि हीच सोय आपल्या छोट्या शाळांत आयती आहे! एका खोलीत चार वर्ग, ही आपली नेहमीची तक्रार. पण फळ्यावर चौथीचे अपूर्णांक चाललेत आणि दुसरीतलं मूल मान वळवून ऐकतंय, हे मी कितीदा पाहिलंय. त्याला "तू तुझं लिही" म्हणण्याऐवजी तेवढ्या तासापुरतं चौथीच्या चटईवर बसवायचं. तास संपला की ते आपल्या मित्रांत परत. खर्च शून्य.

शाळेत भांडायला जाऊ नका, पण रिकाम्या हातानंही जाऊ नका. मुलाची वही, तो सोडवलेला पेपर घेऊन जा. "नियमात बसत नाही" असं मला एकदा वरून सांगण्यात आलं होतं, आणि मी गप्प बसले. तुम्ही बसू नका. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाचं कर्तव्य लिहिलंय: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची आणि गरजेप्रमाणे जादा शिकवायचं. आपण ते फक्त मागे पडलेल्या मुलांसाठी वाचतो. कायदा 'प्रत्येक मूल' म्हणतो. शिवाय सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथं हा विषय मांडा.

एक धोका मात्र आत्ताच सांगते. चौथीनंतर आपली बरीच मुलं इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जातात. काल 'लसावि' तोंडी काढणारा मुलगा 'एलसीएम' ऐकून गप्प होतो आणि नव्या शिक्षकांना तो कच्चा वाटतो. तो शब्दाला अडलेला असतो, गणिताला नाही. चौथीच्या सुट्टीत एक वही करा. डाव्या बाजूला अंश, छेद, परिमिती, क्षेत्रफळ. उजव्या बाजूला त्यांचे इंग्रजी शब्द. रोज पाच. जून उजाडेपर्यंत वही भरते.