७०४ आणि ७०७: हॉल ऑफ फेम लागला की कार्डाचं काय होतं

आधी हे कार्ड बघून घ्या, पुढच्या रांगेपासून फिरवा, फक्त कडेला धरा कारण बोटांचे ठसे राहतात. टॉप्स कंपनीचं १९७८ चं बेसबॉल खेळाडूंचं कार्ड आहे, नंबर ७०७. एकाच कार्डावर चार पोरांचे चार छोटे फोटो, रुकी म्हणजे नवखे शॉर्टस्टॉप्स म्हणून, शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा. त्यातला एक आपल्या डेट्रॉइट टायगर्स टीमचा ॲलन ट्रॅमेल आणि दुसरा पॉल मॉलिटर. आता हे दुसरं, त्याच सेटमधलं ७०४. ह्यावर पण चौघं, सगळे सेकंड बेस सांभाळणारे, आणि त्यातला एक आपल्याच टायगर्सचा लू व्हिटेकर.

जे इथे मिशिगनमध्ये आधीपासून राहतात त्यांना सांगायला नकोच, नवीन लोकांसाठी सांगतो. ट्रॅमेल आणि व्हिटेकर ही जोडगोळी. दोघं एकाच दिवशी, ९ सप्टेंबर १९७७ ला बॉस्टनमध्ये पहिली मॅच खेळले आणि त्यानंतर एकत्र १,९१८ मॅचेस खेळले. १९८४ ची वर्ल्ड सिरीज दोघांनी मिळून जिंकली. कार्डंही एकाच वर्षाची, छपाई तीच, पुठ्ठा तोच.

पण कूपर्सटाउनला, म्हणजे थोर खेळाडूंना मान देणारा बेसबॉलचा हॉल ऑफ फेम जिथे आहे तिथे, पाटी फक्त एकाची आहे.

रिटायर होऊन ५ वर्षं झाली की बेसबॉल लिहिणारे पत्रकार मतदान करतात, ७५ टक्के मतं लागतात आणि ५ टक्क्यांच्या खाली गेलात तर पत्रकारांच्या मतदानातून नाव कायमचं बाद. व्हिटेकरला २००१ मध्ये २.९ टक्के मिळाली, म्हणजे पहिल्याच वर्षी खेळ खल्लास. मला हे आजही पटत नाही, इतका चांगला खेळाडू एका मतदानात असा झटकून टाकायचा म्हणजे काय! ट्रॅमेल १५ वर्षं मतदानाच्या यादीत राहिला, सगळ्यात जास्त ४०.९ टक्के, तेही शेवटच्या वर्षी. मग डिसेंबर २०१७ मध्ये, मतदानात राहून गेलेल्यांचा पुन्हा विचार करणाऱ्या हॉलच्या १६ जणांच्या कमिटीने त्याला घेतलं. दोन वर्षांनी तशाच कमिटीपुढे व्हिटेकर आला, १२ मतं हवी होती, मिळाली ६.

आता कार्डांच्या भावाकडे येऊ. लोकांना वाटतं खेळाडू हॉलमध्ये गेला की कार्डाचा भाव डबल. तसं नसतं हो. बाजार मानाचे पैसे देत नाही, शंका फिटल्याचे देतो. केन ग्रिफी ज्युनियर घ्या, २०१६ ला ४४० पैकी ४३७ मतं. पण तो जाणार हे शाळेतल्या पोरांनाही कधीपासून माहीत होतं, त्यामुळे त्याच्या १९८९ च्या अप्पर डेक कंपनीच्या १ नंबरच्या कार्डात ते सगळं आधीच धरलेलं होतं. जानेवारीत निकाल आला की नवे लोक घाईने घ्यायला धावतात, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलंय ते नेमके तेव्हाच विकायला काढतात. मी पण त्याच आठवड्यात घेतलं आणि जुलैच्या समारंभापर्यंत तेच कार्ड कमी पैशात मिळत होतं, त्याचं वाईट वाटलं पण शिकायला मिळालं.

लॅरी वॉकरचं उलट. २०११ ला २०.३ टक्के, आणि २०२० ला, दहाव्या म्हणजे नव्या नियमाने शेवटच्या वर्षी, ७६.६. तिथे शेवटपर्यंत जीव टांगणीला. बरेच पत्रकार आपली मतं आधी जाहीर करतात, चाहते ती मोजत बसतात, आणि डिसेंबरपासून भाव त्या मोजणीबरोबर हलतो. पण एक लक्षात ठेवा, वॉकरची रुकी कार्डं १९९० ची, तेव्हा कंपन्यांनी ढिगाने छापली, गॅरेजमध्ये खोकीच्या खोकी पडून आहेत. त्यामुळे साधं कार्ड हॉलनंतरही किरकोळच, ग्रेडिंगमध्ये, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देतात त्यात, १० पैकी १० मिळालेलं असेल तर गोष्ट वेगळी.

मग टिकून काय राहतं? यादी. काही लोक हॉलमधल्या प्रत्येकाचं एकेक रुकी कार्ड जमवतात, ट्रॅमेलवर त्यांचं प्रेम असो नसो, त्यांना तो रकाना भरायचाच असतो. हे गिऱ्हाईक दरवर्षी येत राहतं, बातमी शिळी झाली तरी. आता ७०७ ची गंमत बघा, मॉलिटर २००४ लाच आत गेला होता, म्हणजे यादीवाल्यांकडे हे कार्ड आधीच होतं, ट्रॅमेलचा रकाना त्यांचा फुकटात भरला! म्हणून नुसतं ७०७ बघून ट्रॅमेलच्या हॉलचा परिणाम मोजू नका, त्याची एकट्याची कार्डं आणि सहीवाले बॉल बघा, सहीखाली आता तो हॉल ऑफ फेम २०१८ असं लिहून देतो. गिल हॉजेसला डिसेंबर २०२१ मध्ये निवडलं पण तो १९७२ लाच वारला, त्याची तशी सही कधीच होणार नाही, जुन्या जेवढ्या आहेत तेवढ्याच.

आणि हॉल नसला म्हणजे किंमत शून्य असंही नाही, डॉन मॅटिंग्लीची १९८४ ची कार्डं आजही लोक आवडीने घेतात, न्यूयॉर्कचा लाडका ना तो.

व्हिटेकरच्या ७०४ ला मात्र यादीवालं गिऱ्हाईक नाही, फक्त आपण डेट्रॉइटवाले. पुढे त्याला हॉलमध्ये घेतील म्हणून साठवू का असं मघाशी एकाने विचारलं. पैशासाठी नका साठवू, कमिटीचा काही भरवसा नाही. मी ठेवलंय कारण ऑगस्ट २०२२ मध्ये टायगर्सनी त्याचा शर्टाचा १ नंबर रिटायर केला, म्हणजे तो पुन्हा कोणाला द्यायचा नाही, त्याच्या आधीच ट्रॅमेलचा ३ नंबर झाला होता, आणि निदान टायगर्सच्या स्टेडियमच्या भिंतीवर तरी दोघं एकत्र आहेत. बरं, ७०४ कुठपर्यंत पोचलं? मागे का? दोन्ही एकाच पाकिटात घाला, मी तसंच ठेवतो.