घेर आतून येतो

श्रोतेहो, नमस्कार.

तोक्यो शहरातील हाराजुकू भागात बहरलेल्या एका पोशाखाविषयी, आणि तो आपल्या नागपुरात घरच्या शिलाई मशीनवर कसा शिवता येतो याविषयी, मी आज बोलणार आहे. या पोशाखाला लोलिता फॅशन म्हणतात. युरोपातील अठराव्या शतकातील रोकोको शैलीच्या आणि एकोणिसाव्या शतकातील व्हिक्टोरियन काळातील वस्त्रांवरून जपानी तरुणींनी तो घडवला. घंटेसारखा फुललेला, साधारण गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, गळाबंद ब्लाउज आणि भरपूर लेस हे त्याचे ठळक रूप. ‘लोलिता’ हे एका गाजलेल्या कादंबरीतील, प्रौढ पुरुषाच्या वासनेला बळी पडलेल्या अल्पवयीन मुलीचेही नाव असल्याने काहींच्या मनात किंतु येतो. परंतु हा अंगभर पोशाख आहे आणि घालणारी तो स्वतःच्या आनंदासाठी घालते. घरी शिवणाऱ्यांचे स्थानही त्यात पहिल्यापासून मानाचे आहे. २००१ साली जपानमध्ये याच फॅशनला वाहिलेले एक नियतकालिक निघाले, त्यात छायाचित्रांबरोबर कपड्यांच्या कटिंगचे आराखडेही छापले जात.

परकर-पोलके ज्यांनी शिवले आहे, त्यांना यातील निम्मे काम आधीच येते. पन्ह्यांचे तुकडे जोडणे, चुण्या घालणे, पट्टी लावणे, सारे तेच आहे. फरक घेराचा आहे. परकराचा घेर खाली झुकतो, या स्कर्टचा घेर कमरेखाली लगेच बाहेर फुलतो, आणि तो वरच्या कापडातून येत नाही. मी पहिला स्कर्ट शिवला तेव्हा हेच मला उमगले नव्हते. फुगीर दिसावा म्हणून मी कापड वाढवत गेले, आणि कमरेशी चुण्यांचा जाड गठ्ठा झाला तरी खाली स्कर्ट पायांना चिकटूनच राहिला.

म्हणून आधी आतला पेटीकोट शिवावा. लेहेंग्याला लावतात ती कडक कॅनकॅन नेट गांधीबागेत आणि इतवारीत मिळते. वर आठ इंच उंचीचा साध्या सुती कापडाचा भाग घ्यावा, म्हणजे कमरेशी फुगवटा येत नाही. त्याची खालची गोलाई चाळीस इंच असेल, तर त्याला ऐंशी इंच नेटची सात इंची झालर लावावी, आणि तिला पुन्हा एकशे साठ इंचांची सहा इंची झालर जोडावी. नेटची कापलेली कड मांड्यांना टोचते. तिला सुती पट्टीची पायपिंग करावी आणि आतून मलमलचे अस्तर द्यावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा नेट अंगावर सहन होत नाही. त्या दिवसांत माझा उपाय जुनाच आहे. सुती झालरींच्या पेटीकोटाला साबुदाण्याची घट्ट खळ घालून मी तो ओलसर असतानाच इस्त्री करते. फुगवटा थोडा कमी येतो, पण हवा खेळती राहते.

वरच्या स्कर्टसाठी पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक उत्तम. मात्र कापण्याआधी ते भिजवून आटवून घ्यावे. जपानी स्कर्टवर खालच्या कडेने नक्षीचा पट्टा छापलेला असतो. तसा छापा इथे सहज मिळत नाही, पण आपल्याकडे साडीचे काठ आहेत! पंचेचाळीस इंची पन्ह्याची सुती साडी मधोमध लांबीत फाडली, तर काठ असलेल्या साडेबावीस इंची दोन पट्ट्या मिळतात, आणि एका स्कर्टला त्यांतील तीन मीटर पुरते. विदर्भाच्या करवतकाठीचे, म्हणजे करवतीसारखा काठ असलेल्या साडीचे, दाते तर घेरावर लेसइतकेच देखणे दिसतात. धडधाकट करवतकाठीला मात्र कात्री लावू नये असे मला कळकळीने वाटते. पदराशी विरलेली, नेसण्याजोगी न उरलेली साडीच घ्यावी.

तीन मीटर कापड कमरेच्या अठ्ठावीस इंचांच्या पट्टीत बसवायचे म्हणजे चौपट चुण्या होतात, आणि त्या पातळ कापडालाच शोभतात. जाड कापडाला अडीचपट पुरे. चुण्यांसाठी मशीनचा टाका सर्वांत लांब ठेवून पाव इंचाच्या अंतराने दोन टिपा माराव्यात आणि दोन्हींचे खालचे धागे एकदम ओढावेत. एकाच टिपेवर विसंबू नये. ती तुटली की सगळ्या चुण्या सुटतात. कापड आणि पट्टी या दोहोंचे चार-चार भाग खडूने आखून खुणेला खूण जुळवावी आणि पक्की टीप त्या दोन ओळींच्या मधून न्यावी.

बिनबाह्यांचा ड्रेस शिवणार असाल, तर पाठीच्या भागाला कापड दुप्पट घ्यावे. बॉबिनवर इलॅस्टिकचा दोरा हाताने, न ताणता गुंडाळावा, वर साधा दोरा ठेवावा, आणि अर्ध्या-अर्ध्या इंचावर समांतर टिपा माराव्यात. पाठ अंगाबरोबर ताणते आणि माप थोडे वाढले तरी ड्रेस उसवावा लागत नाही.

शेवटी उंची. पेटीकोटावर स्कर्ट बाहेर फुलतो, त्यामुळे त्याची कड दोन-तीन इंच वर उचलली जाते, आणि साडीचा काठ खाली असल्याने तिथे दुमड घालून चूक झाकता येत नाही. म्हणून स्कर्ट कमरेशी कच्च्या टाक्यांनी जोडावा, पेटीकोट घालून ताठ उभे राहावे, आणि घरातील कुणाला तरी जमिनीपासून काठापर्यंत चारही बाजूंनी टेपने मोजायला सांगावे. जिथे काठ उतरला असेल, तिथे कापड पट्टीत तेवढेच वर ओढून घ्यावे आणि मगच पक्की टीप मारावी.

नमस्कार.