उजेड पडेल तिथेच औषध

श्रोतेहो, नमस्कार.

आज रात्री दिवे मालवल्यावर मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोटं घट्ट ठेवा. बोटं लालबुंद दिसतील. उजेड पांढरा, मग बाहेर लालच का येतो? निळा-हिरवा प्रकाश रक्त शोषून घेतं, लाल तेवढा पार होतो. त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी थोडा आत शिरतो.

मावशीची केमो चालू होती तेव्हा मी नौपाड्याहून कळव्याला रोज डबा न्यायचे. गाठ स्तनात आणि तोंड मात्र आलेलं. मऊ वरणभातसुद्धा झोंबायचा. केमोचं औषध रक्तातून अंगभर फिरतं आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतं. तोंडाच्या अस्तरातल्या पेशीही तशाच.

म्हणून शास्त्रज्ञ औषध अतिसूक्ष्म कणांत कोंडून पाठवू पाहताहेत. कण साधारण १०० नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे शेकडो ओळीने मावतील. आत सोन्याच्या इवल्या कांड्या असल्या, तर गाठीवर सोडलेल्या अवरक्त प्रकाशाने त्या तापतात, वेष्टण सैल होतं आणि औषध तिथेच सुटतं.

उजेडाने औषध जागं करणं आपल्याला नवं नाही. कोडावर बावची लावून उन्हात बसायची रीत जुनीच. बावचीतलं सोरालेन उन्हातल्या अतिनील किरणांनी काम करू लागतं. (घरच्या घरी हे करू नका, कातडी भाजते.) डोळ्यांसाठी तर व्हर्टेपोर्फिनला २००० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पुड्यांत भरलेलं हे औषध शिरेतून देतात आणि दृष्टिपटलामागच्या नको त्या रक्तवाहिन्यांवर ८३ सेकंद लाल लेझर सोडतात. पुढे पाच दिवस मात्र ऊन टाळायचं, कारण औषध कातडीतही उतरलेलं असतं.

अडचण खोलीची आहे. प्रकाश फार तर एखाद-दोन सेंटिमीटर जातो. यकृतातल्या गाठीपर्यंत न्यायचा तर काचेचा बारीक तंतू आत घालावा लागतो. शिवाय सोन्याचे कण यकृतात आणि प्लीहेत साठून राहतात. केमोचं औषध सोडणारे असे कण अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहेत, म्हणून डॉक्टरांकडे त्यांचा हट्ट धरू नका.

पण केमोत तोंड आलं, तर त्याच दिवशी सांगा. त्यावर आजही उपाय आहेत. काही औषधं चढवताना तोंडात बर्फ धरायला देतात, त्यानेही त्रास कमी होतो. मावशी आठ दिवस काही बोललीच नाही. डबा भरलेलाच परत येऊ लागला, तेव्हा मला कळलं.