आधी पोरं, मग ती

मोखाडा तालुका, जिल्हा पालघर. अंगणवाडीत सेविकाताई दीड वर्षाच्या एका पोराच्या दंडाला मोजपट्टी गुंडाळतायत. माप साडेअकरा आणि साडेबारा सेंटिमीटरच्या मधलं, म्हणजे पिवळा पट्टा. नोंदवहीत लिहिलं जातं : मध्यम कुपोषित.

आता जरा त्याच्या आईकडे बघा. पोराला उचलताना तिच्या बांगड्या घरंगळत कोपराशी गेल्या. तिला पुन्हा सातवा महिना आहे.

पहाटेपासून तिच्या दोन खेपा झाल्यात. विहीर खाली, पाडा वर. डोक्यावर हंडा आणि चढण. रात्री नागलीच्या भाकरी तीच थापते. आधी पोरं जेवतात, मग सासरा, मग नवरा. टोपलीत उरेल ते तिचं. सासू सांगते, "बेतानं खा गं, पोर मोठं झालं तर मोकळी होताना जड जाईल." यात दुष्टावा नाही. दवाखाना लांब असला की अडलेल्या बाळंतिणीची भीती खरीच असते.

पण बेतानं खाल्लेलं बाळाला पुरत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ ते १९९६ या काळात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांच्या ताटातलं अन्न पाहिलं, तसे त्यांचे कष्टही मोजले. बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास. पालेभाज्या आणि फळं वरचेवर खाणाऱ्या बायांची बाळं अंगानं भरलेली होती. पाणी भरणं, धुणं अशा कामांनी पिचलेल्यांची लहान. म्हणजे गावात नळ येणं हासुद्धा बाळाच्या पोषणाचाच प्रश्न आहे. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

अशक्त आईलाही दूध येतं, ती पोराला उपाशी ठेवत नाही. पण तिच्या अंगात ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर दुधातही ते कमीच उतरतं. लोहाचा साठा तर बाळ पोटातूनच घेऊन येतं आणि पहिले काही महिने त्यावर काढतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांनी साठा द्यायचा कुठून?

आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे : गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण. तिथंच बसून जेवायचं, कारण घरी नेलेलं ताट वाटलं जातं. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर गेली की मात्र हे ताट मागेच राहतं.

आज ती इथं आहे. वरण, भात, भाजी, उकडलेलं अंडं. अंडं सोलून तिनं अर्धं पोरापुढे धरलंय.

"त्याचं वेगळं ठेवलंय," ताई म्हणतात. "हे तुझं. तू खा."

ती थोडी भिंतीकडे वळते, आणि खाते.