कुत्ना होरा : पायाखालची चांदी

(दृश्य : हाडांचं झुंबर. कॅमेरा खालून वर.)

हे झुंबर माणसांच्या हाडांचं आहे. कवट्या, बरगड्या, मांड्यांची हाडं. शरीरातलं प्रत्येक प्रकारचं हाड यात एकदा तरी वापरलंय, असं इथे सांगतात. चेक प्रजासत्ताकातलं हे सेद्लेत्स. प्रागहून आगगाडीनं साधारण तासाभराची वाट. बरेच पर्यटक येतात, अस्थिगृह बघतात आणि पुढच्या गाडीनं परत जातात. मुख्य स्टेशनही नेमकं सेद्लेत्सलाच आहे. जुनं गाव तिथून तीनेक किलोमीटर आत.

त्यामुळे गाव बघायचं राहूनच जातं. खरं तर त्याच्यासाठीच इथे यायला हवं. कुत्ना होरा. एके काळी बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातल्या राज्यात प्रागच्या खालोखाल मोठं असलेलं, आणि राजाची तिजोरी भरणारं शहर. आज वस्ती जेमतेम वीस हजारांच्या वर. हाडांकडे आपण परत येऊ. आधी जमिनीकडे बघू, कारण या गावात जे जे घडलं, त्याची सुरुवात जमिनीखाली झाली.

(दृश्य : ड्रोनमधून. एका बाजूला सपाट शेतं, दुसऱ्या बाजूला टेकड्या.)

उत्तरेला लाबे नदीचं सपाट, सुपीक खोरं. जर्मनीत शिरल्यावर हीच नदी एल्ब होते. दक्षिणेला जमीन हळूहळू उंचावत जाते आणि मोरावियाच्या दिशेनं डोंगराळ होते. या दोन्हींच्या सांध्यावर, व्र्ख्लित्से नावाच्या छोट्या नदीच्या घळीवर, कुत्ना होरा वसलंय. गावाच्या उत्तरेला कान्क नावाची टेकडी आहे. नऊ-साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि ही टेकडी त्यातलं बेट. तिच्या अंगावर आजही सागरी जीवांचे जीवाश्म सापडतात.

पण समुद्र अलीकडचा म्हणायचा. त्याच्या कितीतरी आधी इथल्या जुन्या, कठीण खडकांच्या भेगांमधून तापलेलं खनिजयुक्त पाणी वर आलं आणि मागे धातूंच्या शिरा सोडून गेलं. गंधकाशी जोडलेलं लोखंड, जस्त, शिसं, आर्सेनिक. आणि या सगळ्यात मिसळलेली चांदी. आर्सेनिक लक्षात ठेवा. त्याचा हिशेब शेवटी येतो.

(दृश्य : सेद्लेत्सचा मठ.)

माणसांची गोष्ट ११४२ साली सुरू होते. बव्हेरियातल्या वाल्डसासेनच्या मठातून सिस्टर्शियन पंथाचे साधू इथे आले आणि त्यांनी सेद्लेत्सला मठ बांधला. आजूबाजूची जमीन मठाची. दंतकथा अशी, की आंतोन नावाचा एक साधू रानात झोपला होता. जाग आली तर समोर जमिनीतून चांदीचे तुकडे वर आलेले. जागा हरवू नये म्हणून त्यानं अंगातला झगा काढून तिथे टाकला आणि मठाकडे धावत सुटला. गोष्ट छान आहे. प्रत्यक्षात झुंबड उडाली ती तेराव्या शतकाच्या शेवटी, आणि तिच्यात साधू कमी, जर्मन भाषा बोलणारे खाणकामगार जास्त होते. युरोपभरातून माणसं आली. आधी झोपड्या, मग लाकडी कुंपण, मग तटबंदी. आज गावातून फिरताना गल्ल्या वेड्यावाकड्या वाटतात, कारण नकाशा आधी कुणी आखलाच नव्हता. जिथे शिरा सापडली तिथे खड्डा पडला, आणि खड्ड्यांमधून जाणाऱ्या पायवाटांचे पुढे रस्ते झाले.

(दृश्य : व्लाशस्की द्वूर, आतला चौक.)

राजा होता वात्स्लाव दुसरा. चांदी सापडणं वेगळं आणि तिचं राज्य करणं वेगळं, हे त्याला कळलं होतं. १३०० साली त्यानं दोन गोष्टी केल्या. ओर्व्हिएतोहून आलेल्या गोझ्झिउस या इटालियन कायदेपंडिताच्या मदतीनं खाणींसाठी लॅटिनमध्ये कायदा लिहून घेतला. खाण कुणाची, राजाचा वाटा किती, पाण्याचा उपसा, हवा, कामगारांच्या पाळ्या, मजुरी, सगळं त्यात आलं. आणि त्याच वर्षी राज्यभर विखुरलेल्या टांकसाळी बंद करून नाणी पाडण्याचं काम इथे, या एका वाड्यात आणलं. कारभार बसवून द्यायला फ्लोरेन्सची जाणकार मंडळी आली, म्हणून वाड्याचं नावच पडलं व्लाशस्की द्वूर, इटालियन लोकांचा वाडा.

इथे जे नाणं पडलं, ते प्राग ग्रोश. नाव प्रागचं, घाम कुत्ना होराचा. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, आणि सुरुवातीला त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त चांदी. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा सिंह. साठ ग्रोशांची एक ‘कोपा’, आणि मोठे व्यवहार कोपांमध्येच व्हायचे. शेजारच्या देशांतही हे नाणं बिनबोभाट चाललं. पुढच्या राजांना पैसा कमी पडू लागला तशी नाण्यातली चांदी उतरत गेली, पण ग्रोश १५४७ पर्यंत पडत राहिला.

चौकाच्या कडेनं टांकसाळीच्या खोल्या होत्या. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वरचा ठसा डाव्या हातात, आणि उजव्या हातातला हातोडा दिवसभर चालू. हाच वाडा राजाचं निवासस्थानही होता. १४०९ साली वात्स्लाव चौथ्यानं इथूनच फर्मान काढलं, की प्राग विद्यापीठात चेकांना तीन मतं आणि परदेशी मंडळींना मिळून एक. तोवर गणित नेमकं उलटं होतं. जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी रागानं निघून गेले आणि त्यांच्यातल्या काहींनी त्याच वर्षी लाइपझिगचं विद्यापीठ उभं केलं. १४७१ मध्ये पोलंडच्या व्लादिस्लावची बोहेमियाचा राजा म्हणून निवडही याच गावात झाली.

(दृश्य : खाण संग्रहालय. पांढरे झगे, हेल्मेट घातलेले पर्यटक बोगद्यात वाकून चालताना.)

आता खाली उतरू. ह्रादेक नावाच्या जुन्या गढीत चांदीचं संग्रहालय आहे, आणि तिथून मध्ययुगीन खाणीच्या एका भागात जाता येतं. काही ठिकाणी अंग तिरकं करून सरकावं लागतं. पर्यटकांना पांढरा झगा देतात, तो खाणकामगारांच्या वेषावरून घेतलाय. न रंगवलेलं जाडंभरडं कापड, डोक्यावर टोपडं. अंधारात माणूस दिसावा म्हणून पांढरं, असं वाटाडे सांगतात. मागच्या बाजूला कमरेला चामड्याचा तुकडा बांधायचा. त्याच्यावर बसून उतारावरून घसरत खाली जायचं. वर यायला मात्र शिड्या. उजेड चरबीच्या दिव्याचा. हत्यार म्हणजे छिन्नी आणि हातोडी. कठीण खडक असला तर पाळी संपेपर्यंत बोटभर पुढे सरकणं हेही काम झालं म्हणायचं.

ओसेल ही इथली सगळ्यात नावाजलेली खाण. ओसेल म्हणजे गाढव. इतक्या श्रीमंत खाणीला हे नाव का पडलं कोण जाणे, पण ती ५०० मीटरहून खोल गेली होती. त्या काळी जगात इतकं खोल फार थोड्या ठिकाणी कुणी गेलं असेल. खनिज आणि पाणी वर ओढायला घोड्यांचे रहाट होते. भलंमोठं लाकडी चक्र, आणि घोडे त्याच्याभोवती गोल गोल फिरतायत. असा एक रहाट संग्रहालयात उभा आहे. त्याच्यापाशी उभं राहिलं की कळतं, चांदीच्या प्रत्येक गोणीमागे घोड्यांची किती पायपीट होती.

(दृश्य : दगडी कारंजं.)

खाणींनी गावाचं पाणीही पळवलं. जमीन पोखरली गेली, झरे आटले, विहिरींचा भरवसा राहिला नाही. मग बाहेरच्या झऱ्यांवरून लाकडी नळांनी पाणी आणावं लागलं. १४९५ च्या सुमारास बांधलेलं हे बारा बाजूंचं दगडी कारंजं आज शोभेचं वाटतं. तेव्हा ती पाण्याची साठवण टाकी होती. जवळच्या संत याकूबच्या चर्चला दोन मनोरे व्हायचे होते. एकच पूर्ण झाला. खालची जमीन खाणींमुळे दुसऱ्याचा भार पेलणार नाही, अशी धास्ती होती.

लाकडाचीही तीच गत. बोगद्यांना टेकू लाकडाचे, भट्ट्यांना कोळसा लाकडाचा. आसपासची रानं संपली तेव्हा नजर गेली ती थेट उत्तरेच्या क्र्कोनोशे पर्वतावर, लाबे नदीच्या उगमाकडे. सोळाव्या शतकात तिथे आल्प्समधून लाकूडतोडे आणून वसवले. ते ओंडके नदीत सोडायचे, आणि पाणी त्यांना वाहत इकडे खाली घेऊन यायचं. शंभरएक किलोमीटर लांबच्या डोंगरावरची जंगलं कुत्ना होराच्या भट्ट्यांत जळली. क्र्कोनोशेच्या बोडक्या उतारांची गोष्ट सांगताना या गावाचं नाव घ्यावंच लागतं.

(दृश्य : संत बार्बराचं चर्च. तंबूसारखी तीन छपरं.)

इतका पैसा हातात आल्यावर गावकऱ्यांना एकच गोष्ट खुपत होती. धर्माच्या बाबतीत त्यांचं गाव अजून सेद्लेत्सच्या मठाच्या हाताखाली होतं. म्हणून १३८८ च्या सुमारास खाणमालकांनी तटाबाहेर, मठाचा हुकूम चालत नव्हता अशी, प्रागच्या धर्मपीठाची जागा गाठली आणि तिथे स्वतःचं चर्च सुरू केलं. नाव दिलं खाणकामगारांची रक्षणकर्ती संत बार्बरा हिचं. प्रागचं कॅथीड्रल बांधणाऱ्या पेत्र पार्लेरचा मुलगा यान इथल्या कामावर होता, असं मानतात. म्हणजे राजधानीशी स्पर्धा उघडच होती. पुढे मात्येय रेय्सेक आला, मग बेनेडिक्ट रेइट. छताकडे बघा. दगडाच्या कमानी फुलाच्या पाकळ्यांसारख्या एकमेकींत गुंततात. हे रेइटचं काम. १५५८ च्या सुमारास पैसे संपले आणि काम थांबलं. चर्च पुरं झालं ते १९०५ साली.

मला मात्र छतापेक्षा भिंती जास्त आवडतात. तिथे संत आहेत, देवदूत आहेत, आणि त्यांच्या शेजारी टांकसाळीतले कारागीर नाणी पाडतायत. पैसे ज्यांच्या कष्टांचे होते, त्यांनी स्वतःला देवळाच्या भिंतीवर बसवून घेतलं. युरोपातल्या फार थोड्या चर्चमध्ये असा रोकडेपणा दिसतो.

(दृश्य : तटबंदी, हिवाळा.)

याच चांदीसाठी रक्तही सांडलं. १४१५ मध्ये यान हुस या सुधारक धर्मोपदेशकाला जिवंत जाळल्यावर बोहेमियात युद्ध पेटलं. कुत्ना होराचे श्रीमंत जर्मन नागरिक कॅथलिक होते, पुढे सम्राट झालेल्या राजा सिगिस्मुंडच्या बाजूचे. हुसच्या अनुयायांना पकडून त्यांनी जिवंतपणी खाणींच्या विवरांत फेकलं. तेव्हाच्या इतिवृत्तांत हा आकडा हजाराच्या वर दिलाय. डिसेंबर १४२१ मध्ये हुसपंथी सेनापती यान झिझ्का गावाबाहेर लढायला निघाला तेव्हा मागे गावात फितुरी झाली, दरवाजे सिगिस्मुंडच्या फौजेला उघडले गेले आणि झिझ्का दोन्हीकडून कोंडीत सापडला. तोवर त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली होती. रात्री त्यानं तोफा लावलेल्या गाड्या एका रांगेत पुढे घातल्या, शत्रूची फळी फोडली आणि निसटला. दोनेक आठवड्यांत तो परत आला. सिगिस्मुंडनं काढता पाय घेतला आणि जाताना गावाला आग लावली. ज्या गावासाठी लढाई, तेच जाळून टाकायचं. दुसऱ्याच्या हाती चांदी लागण्यापेक्षा ते बरं, हा त्यामागचा हिशेब.

शतकाच्या शेवटी मात्र याच गावात शहाणपणही दिसलं. १४८५ मध्ये इथे भरलेल्या सभेत कॅथलिक आणि हुसपंथीयांनी ३१ वर्षांचा करार केला, की कुणी कुणाच्या उपासनेत ढवळाढवळ करायची नाही. बाकीच्या युरोपात धर्माची युद्धं तेव्हा यायचीच होती.

सोळाव्या शतकात खाणी खोल गेल्या, खर्च वाढला, पाणी आवरेना. ओसेल बुडाली. दरम्यान अमेरिकेतली चांदी युरोपात ओतली जात होती. टांकसाळ १७२६ पर्यंत कशीबशी चालली, आणि गाव हळूहळू आडबाजूला पडलं. याचा फायदा आज आपल्याला होतो, कारण जुनं पाडून नवं बांधायला गावाकडे पैसाच उरला नव्हता. युनेस्कोनं १९९५ मध्ये जुनं गाव, संत बार्बराचं चर्च आणि सेद्लेत्सचं चर्च जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

(दृश्य : अस्थिगृहाचा बाहेरचा भाग, दफनभूमी.)

आता ती हाडं. सेद्लेत्सच्या मठाधिपतीनं तेराव्या शतकात जेरुसलेमहून गोल्गोथाची, म्हणजे येशूला क्रुसावर चढवलं त्या जागेची, मूठभर माती आणून इथे पसरली, अशी आख्यायिका. मग पुण्यभूमी म्हणून दूरदूरची माणसं इथे पुरली जाऊ लागली. चौदाव्या शतकात प्लेग आला, पंधराव्यात युद्धं. जागा पुरेना, म्हणून जुनी हाडं उकरून तळघरात रचली. सुमारे चाळीस हजार माणसांची, असा अंदाज आहे. सम्राट जोसेफ दुसऱ्यानं १७८० च्या दशकात मठ बंद केला आणि मालमत्ता पुढे श्वार्झेनबर्ग घराण्याकडे गेली. मठाच्या इमारतीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंबाखूचा कारखाना निघाला, आणि सिगारेटचा धंदा तिथे आजही आहे. १८७० मध्ये फ्रान्तिशेक रिंट या लाकडी कोरीवकाम करणाऱ्यानं घराण्याच्या सांगण्यावरून हाडांची मांडणी केली. भिंतीवर श्वार्झेनबर्गांचं राजचिन्ह आहे, तेही हाडांचं, आणि दाराजवळ रिंटची स्वतःची सही, तीसुद्धा हाडांचीच. म्हणजे जे बघून अंगावर काटा येतो ते मध्ययुगीन नाही, तर एका सरदार घराण्याची आणि एका हौशी कारागिराची करामत आहे. हाडं खरी, मांडणी नवी.

(दृश्य : कान्क टेकडी. झुडपं वाढलेले दगडमातीचे ढीग.)

शेवटी पुन्हा कान्क टेकडीवर. हे ढीग म्हणजे खाणीतून काढून टाकलेलं दगडगोट्यांचं निरुपयोगी खनिज. चांदी काढून घेतली, आर्सेनिक मागे राहिलं. पावसापाण्यात त्याचं रूप बदलत गेलं आणि इथे काही खनिजं तयार झाली, जी शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा इथेच ओळखली. त्यातलं एक, कान्काइट, टेकडीचंच नाव घेऊन आहे. दुसरं, बुकोव्हस्कीआइट, मातकट पिवळं, ‘कुत्ना होराची विषारी माती’ म्हणून प्रसिद्ध आहे. परिसरातल्या मातीत आर्सेनिकचं प्रमाण आजही जास्त आहे.

विसाव्या शतकात टेकडीखाली पुन्हा खाणकाम झालं, या खेपेस जस्त आणि शिशासाठी. १९९१ मध्ये तेही थांबलं. जुन्या पोकळ्या पाण्यानं भरल्या, आणि ते आर्सेनिकमिश्रित पाणी ओढ्यांत जाऊ नये म्हणून उपसून शुद्ध करावं लागतं. ते काम कान्कच्या केंद्रावर अजून चालू आहे.